कधी चालू होते, कधी होत नाही : बोटीचा सेल्फ कसा तपासावा



मागच्या अंकात आपण गटाच्या व्यवसायाचा जमाखर्च कसा लिहायचा ते पाहिलं. या वेळचा धडा इंजिनाचा आहे. "मॅडम, आमका इंजिनातला काय कळता?" असं म्हणून पान उलटू नका. दोन वर्षांपूर्वी मलाही काही कळत नव्हतं. मी घाटावरची, समाजकार्य शिकलेली. पहिल्यांदा बोटीत बसले तेव्हा दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसले होते. हा धडा मी आपल्याच प्रभागातल्या एका गटाबरोबर जेटीवर बसून शिकले. त्या गटाने लिहायला परवानगी दिली आहे. फक्त "नावं नको घालू" म्हणाल्या, म्हणून घातली नाहीत.

काय झालं होतं

खाडीकाठचा गट, दहा जणी. तारकर्ली-देवबागला येणारे पर्यटक आता आतल्या खाड्यांमध्येही कांदळवन बघायला येतात. म्हणून गटाने कर्ज काढून एक जुनी फायबरची बोट घेतली. दहा माणसं बसतात. इंजिन डिझेलचं. मागे टांगलेलं नाही, बोटीच्या पोटात, लाकडी झाकणाखाली. चालवायला गटातल्याच एका वहिनींचे दीर, त्यांच्याकडे परवाना आहे. तिकीट, लाइफ जॅकेट, हिशोब आणि बोटीची साफसफाई गटाकडे.

पहिला हंगाम चांगला गेला. दुसऱ्या हंगामात बोट नखरे करायला लागली. किल्ली फिरवली की कधी एका झटक्यात चालू, तर कधी नुसतं "टक". पाच-सहा वेळा फिरवल्यावर चालू व्हायची आणि पुढे दोन दिवस काही तक्रार नसायची. "कधी चालू होता, कधी होणा नाय," एवढंच सगळे सांगायचे.

कोणी म्हणालं बॅटरी गेली. साडेआठ हजारांची नवीन बॅटरी आणली. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी परत "टक". मग मेकॅनिक म्हणाला सेल्फ गेला. सेल्फ म्हणजे स्टार्टर, इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटार. सेल्फ खोलून नेला, ब्रश आणि बुश बदलले, साडेचार हजार झाले. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. मेकॅनिक बघायला आला की बोट शहाण्या लेकरासारखी वागायची. तो गेला की परत सुरू.

एका संध्याकाळी पक्षी दाखवायला खाडीच्या मुखाजवळ इंजिन बंद केलं. बोटीत सात पर्यटक, त्यात दोन लहान मुलं. परत निघताना किल्ली फिरवली, "टक". ओहोटी लागलेली होती. बोट हळूहळू समुद्राकडे सरकायला लागली. दिराने लगेच नांगर टाकला म्हणून निभावलं. अर्ध्या तासाने दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. कोणाला काही झालं नाही, पण मुलांची आई जेटीवर उतरून रडली. गटाने सगळ्यांचे पैसे परत केले.

पुढच्या बैठकीत पाच जणी म्हणाल्या, बोट विकून टाका. एक काकी वहिनींना सरळ बोलल्या, "तुझ्या दिराक सांभाळूक येणा नाय." वहिनी पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला येतच होता.

माझी चूकही इथे सांगते. बॅटरी आणि सेल्फ, दोन्ही खर्चांच्या ठरावाच्या वेळी मी बैठकीत हजर होते. "मेकॅनिक सांगतोय म्हणजे बरोबरच असेल," असं मीच म्हणाले होते. कर्ज मागणाऱ्या ताईला आपण दहा प्रश्न विचारतो. तेरा हजारांच्या दुरुस्तीला एकही प्रश्न विचारला नाही.

कधीमधी येणारा बिघाड अवघड का असतो

पूर्ण बंद पडलेली वस्तू तपासायला सोपी. बिघाड समोरच असतो. कधी चालते, कधी नाही, अशा वस्तूत बिघाड लपून बसतो. एक दिवसाआड येणाऱ्या तापासारखं हे आहे. डॉक्टरकडे गेलं की अंग थंड. मग डॉक्टर विचारतात, ताप कधी येतो, सकाळी की संध्याकाळी, थंडी वाजते का? आपण नीट सांगितलं तरच त्यांना दिशा मिळते.

दुसरी अडचण अशी की कुठलीही दुरुस्ती केली तरी चार दिवस बरं चालतं. कारण दुरुस्ती करताना वायरी हलतात, नटबोल्ट सुटतात आणि परत आवळले जातात. सैल झालेला जोड तेवढ्यापुरता परत टेकतो. आपल्याला वाटतं, नवीन बॅटरीने काम झालं. खरं तर बॅटरी बदलताना केबल हलली, त्याने काम झालं. म्हणून "चार दिवस बरं चाललं" हा पुरावा धरायचा नाही.

आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेले एक सर आम्हाला भेटले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही." आता क्रमाने बघू.

पायरी १ : विजेचा रस्ता समजून घ्या

सेल्फ फिरायला दोन रस्ते लागतात. एक बारीक वायरीचा, एक जाड वायरीचा.

बारीक रस्ता : बॅटरी, फ्यूज, किल्ली, मग काही बोटींत न्यूट्रलचा स्विच आणि शेवटी सोलेनॉइड. सोलेनॉइड म्हणजे सेल्फच्या डोक्यावर बसलेला छोटा डबा. न्यूट्रलचा स्विच एवढंच बघतो की गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना. गिअर पडलेला असेल तर तो सेल्फ मारू देत नाही, नाहीतर चालू होताक्षणी बोट उसळी घेईल.

जाड रस्ता : बॅटरीच्या प्लसपासून मेन स्विच, तिथून जाड केबलने सोलेनॉइड, सोलेनॉइडमधून सेल्फची मोटार, मोटारीतून इंजिनाचं लोखंडी अंग, आणि इंजिनाच्या अंगापासून अर्थच्या जाड केबलने परत बॅटरीच्या मायनसला.

आपल्या भाषेत सांगायचं तर बारीक वायर म्हणजे ठराव आणि जाड वायर म्हणजे रक्कम. किल्ली फिरवली की ठराव सोलेनॉइडपर्यंत पोचतो. सोलेनॉइड "टक" करून सही करतो आणि मग मोठी रक्कम जाड केबलमधून सेल्फला जाते. ठराव पोचला नाही तर "टक" येत नाही. ठराव झाला पण रक्कम वाटेत अडली, तर "टक" येतो आणि पुढे काही होत नाही.

आणखी एक गोष्ट विसरू नका. वीज जाते तशी परतही यावी लागते. आपण प्लसच्या वायरी बघतो, मायनसची केबल कोणी बघत नाही. खाऱ्या हवेत मात्र दोन्ही सारख्याच गंजतात.

पायरी २ : आवाज ऐका, दिवे बघा

किल्ली फिरवताना पॅनलवरच्या दिव्याकडे बघा आणि कान द्या.

१. काहीच आवाज नाही, दिवेही लागत नाहीत : मेन स्विच, मोठा फ्यूज किंवा बॅटरीचं टर्मिनल बघा.

२. दिवे छान, पण "टक"सुद्धा नाही : ठराव अडला आहे. किल्ली, न्यूट्रलचा स्विच, बारीक वायरीचे जोड बघा. गिअरचा दांडा थोडा मागेपुढे हलवून परत न्यूट्रलला आणल्यावर चालू होत असेल, तर न्यूट्रलच्या स्विचवर संशय.

३. एकच "टक" आणि दिवे एकदम मंद : बॅटरी उतरली आहे, टर्मिनल सैल आहे, किंवा सेल्फ आतून अडकला आहे.

४. एकच "टक" आणि दिवे तसेच तेजस्वी : रक्कम वाटेत अडली आहे. सोलेनॉइडच्या आतला जोड, सेल्फचे ब्रश, जाड केबल किंवा अर्थ.

५. "टकटकटकटक" असा भरभर आवाज : बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल खराब.

६. सेल्फ फिरतो पण रडत रडत, हळू : बॅटरी, जाड केबल किंवा अर्थ.

७. सेल्फ झपझप फिरतो पण इंजिन पेटत नाही : सेल्फचा दोष नाही. डिझेलकडे बघा. फिल्टरमध्ये पाणी आहे का, नळीत एअर धरली आहे का, इंजिन बंद करायची दोरी किंवा दांडा अर्धवट ओढलेला राहिला आहे का.

सातव्या प्रकारात सेल्फ बदलला तर पैसे फुकट जातात. म्हणून पहिला प्रश्न कायम हाच, "सेल्फ फिरला की नाही?" "बोट चालू झाली नाही" एवढं सांगणं पुरेसं नाही.

पायरी ३ : बोटीची वही

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आहे, नियमित लेखे. आपण पैशाचे लेखे ठेवतो. या गटाने बोटीचे लेखे ठेवायला सुरुवात केली. दोनशे पानी साधी वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लाइफ जॅकेटच्या पेटीत. प्रत्येक वेळी इंजिन चालू केलं की एक ओळ :

तारीख आणि वेळ. दिवसाचं पहिलं चालू करणं की नंतरचं. इंजिन थंड की गरम. आवाज काय आला. दिवे मंद झाले का. काय केल्यावर चालू झालं.

बरोबर चालू झालं तरी ओळ लिहायची. हे महत्त्वाचं आहे. फक्त तक्रारीच लिहिल्या तर कधी येत नाही ते कळत नाही.

वही लिहायला मी वहिनींनाच विनंती केली. त्या आधी नको म्हणाल्या. "परत माझ्यावरच नाव येयत," म्हणाल्या. मी म्हटलं, वहीत कोणाचं नाव लिहायचंच नाही, फक्त बोटीचं वागणं लिहायचं. मग तयार झाल्या.

तीन आठवड्यांनी आम्ही वही घेऊन बसलो. सकाळी पहिल्यांदा चालू करताना एकदाही अडचण आली नव्हती. नऊ वेळा अडली, त्यातल्या सात वेळा लांबची फेरी मारून, इंजिन गरम असताना. नऊच्या नऊ वेळा एकच "टक". नऊच्या नऊ वेळा दिवे तेजस्वी.

बॅटरी उतरलेली असती तर रात्रभर उभ्या बोटीत सकाळी पहिल्यांदा त्रास झाला असता आणि दिवेही मंद झाले असते. म्हणजे साडेआठ हजारांचा खर्च चुकीच्या जागी झाला होता, हे वहीनेच सांगितलं. किल्ली आणि न्यूट्रलचा स्विचही सुटले, कारण "टक" येत होता. आता उरली जाड केबल, सोलेनॉइडचा जोड, सेल्फ आणि अर्थ.

पायरी ४ : हात लावण्याआधी

हा भाग नीट वाचा आणि बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

बोट जेटीला बांधलेली हवी, बोटीत पर्यटक नकोत. गिअर न्यूट्रलमध्ये.

हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवा किंवा नीट आत बांधा. धातूचा दागिना बॅटरीच्या दोन टोकांना टेकला तर क्षणात लाल होतो आणि कातडी भाजते. पदर, ओढणी, वेणी खोचून घ्या, फिरत्या पट्ट्यात अडकतात.

बॅटरीजवळ काडी, विडी, निरांजन नको. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

केबल काढायची असेल तर आधी मेन स्विच बंद. मग मायनस पहिल्यांदा काढायचा आणि लावताना शेवटी लावायचा.

पाण्यावर फळीवरून माणूस ओढत नेणाऱ्या खेळाच्या बोटी असतात, त्यांतही इंजिन असंच पोटात असतं, पण बहुधा पेट्रोलचं. तुमच्या गटाची बोट पोटात पेट्रोल इंजिनाची असेल तर जास्त जपा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. आधी झाकण उघडून वास घ्या. हवा बाहेर फेकणारा पंखा निदान चार मिनिटं चालवा, मगच किल्ली. वास येत असेल तर किल्ली किंवा कुठलाही स्विच नको, आधी सगळ्यांना उतरवा.

स्क्रू ड्रायव्हर लावून सोलेनॉइड "डायरेक्ट" करायची काही जणांना सवय असते. करू देऊ नका. ठिणगी उडते, न्यूट्रलचा स्विच बाजूला पडतो, आणि गिअर पडलेला असेल तर बोट पुढे झेपावते.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये एक-दोन मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फ जळतो. धुराच्या नळीतून थंड करायचं पाणी बाहेर सोडणारं इंजिन असेल, तर पेटत नसताना सेल्फ मारत राहिलात की ते पाणी नळीत साठून उलटं इंजिनात शिरू शकतं.

पायरी ५ : मीटर लावा

डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. घड्याळ वाचता येतं तिला मीटर वाचता येतो. बटण डीसी २० व्होल्टवर ठेवायचं. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. अँपिअरच्या खाचेत वायर घालून बॅटरीला कधीही लावू नका, मीटर जळेल.

पहिलं माप, बॅटरी शांत असताना. चार्जिंग थांबून काही तास झाल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव भागच उरली.

दुसरं माप, सेल्फ मारताना. तिथेच मीटर धरून दुसरीला किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा साधारण १० च्या खाली जाऊ नये. खूप खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ अडकलेला आहे.

तिसरं माप, इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आलं पाहिजे. १२.६ च्या खालीच राहत असेल तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही.

चौथं माप, अर्थचा रस्ता. हे माप कोणी घेत नाही आणि आम्हाला याचाच उपयोग झाला. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या टोकावर, दुसरी इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडावर. सेल्फ मारा. रस्ता साफ असेल तर आकडा शून्याच्या जवळ, ०.२-०.३ व्होल्टच्या आत राहतो. जास्त आला तर तेवढे व्होल्ट वाटेतच खर्च होत आहेत.

पाचवं माप, प्लसचा रस्ता. एक वायर बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फला जिथे जाड केबल लागते त्या बोल्टवर. सेल्फ मारताना ०.५ व्होल्टच्या आत हवं.

ही शेवटची तीन मापं सेल्फ किंवा इंजिन चालू असतानाच घ्यायची असतात. चौथं आणि पाचवं तर बोट अडलेली असतानाच घेतली तर खरी. बोट गुणी असताना घेतली तर सगळं छान दिसतं. म्हणून वहीवरून वेळ ठरवली. लांबची फेरी मारून बोट जेटीला बांधायची, इंजिन बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मीटर लावूनच किल्ली फिरवायची.

सापडलं कसं

पहिल्या दिवशी बोट लगेच चालू झाली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली फिरवली, "टक". मीटर वहिनींच्या हातात होता, किल्ली दिराच्या हातात. सर फोनवर होते. "किल्ली सोडू नकोस, आकडा सांगा," ते म्हणाले.

बॅटरीच्या टोकांवर १२.५. म्हणजे बॅटरी भरलेली आणि तिच्यातून मोठी रक्कम निघालेलीच नाही.

किल्ली सोडली, थोडं थांबून मायनस आणि इंजिनाच्या अंगामध्ये मीटर लावला. परत किल्ली. आकडा ७ च्या वर गेला.

वहिनी म्हणाल्या, "सर, सात म्हणता हा." पलीकडे सर दोन क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "अर्थची केबल सोडवा."

मेन स्विच बंद करून केबल काढली. बॅटरीकडचं टोक चकचकीत होतं, कारण बॅटरी बदलताना ते साफ झालं होतं. इंजिनाकडचं टोक खाली, अंधारात, तळातल्या खाऱ्या पाण्याच्या वाफेत. बोल्ट वरून आवळलेला दिसत होता. पण लगच्या खाली हिरवट पूड आणि रंगाचा थर होता. केबलचं आवरण दोन बोटं सोललं तर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या, अर्ध्या तुटलेल्या. इंजिन तासभर थरथरलं आणि तापलं की उरलेल्या तारांचा जोड सुटायचा. थंड झालं किंवा कोणी हलवलं की परत टेकायचा. पॅनलच्या दिव्यांची मायनस वायर थेट बॅटरीला होती, म्हणून दिवे कायम तेजस्वी.

दुरुस्ती अशी केली. तेवढ्याच जाडीची नवीन केबल, दोन्ही टोकांना यंत्राने दाबून घेतलेले नवीन लग. इंजिनावरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली. बोल्ट पक्का आवळला. वरून ग्रीसचा हात दिला, म्हणजे खारी हवा आत जाणार नाही. सगळे मिळून सहाशे रुपयांच्या आत. परत चौथं माप घेतलं, ०.१.

तेव्हाही आम्ही "झालं" असं जाहीर केलं नाही. चार दिवस बरं चालणं म्हणजे काही नाही, हे आता सगळ्यांना माहीत होतं. पुढे दोन महिने वही चालू ठेवली. एकशे ऐंशीच्या वर ओळी झाल्या, "टक" एकदाही नाही. मग बैठकीत वही वाचली. बोलल्या होत्या त्या काकी उठल्या, वहिनींच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गो, ह्या मीटर माका पण शिकव." माफीचा शब्द कोणी उच्चारला नाही, पण वहिनी त्यानंतर एकही बैठक चुकल्या नाहीत.

बोट विकली नाही. हप्ते सुरू आहेत.

अडकलात तर

दोष सापडेपर्यंत बोट चालवायची वेळ आली तर या गटाचे नियम पाळा. प्रवासी असताना खाडीच्या मुखाजवळ, प्रवाहात किंवा खडकाजवळ इंजिन बंद करायचं नाही. नांगर दोरासकट हाताशी, गुंडाळलेला पण मोकळा. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर, पेटीत नाही. भरलेला फोन कोरड्या पिशवीत. इंजिन चालू झालं नाही तर आधी नांगर, मग किल्ली. समुद्राकडे वाहत जात असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किंवा ११२.

पण खरं सांगायचं तर, कारण कळत नाही तोवर प्रवासी घेऊच नका. दोन दिवसांचं तिकीट बुडतं, ते भरून काढता येतं.

मेकॅनिकशी बोलताना

मेकॅनिक आपला शत्रू नाही. त्याला आपण अर्धवट माहिती देतो, तो अंदाजाने पार्ट बदलतो. वही आणि आकडे दाखवून बोललात तर तोही नीट काम करतो. तीन प्रश्न विचारा : हा पार्ट खराब आहे हे कुठल्या मापावरून ठरवलं? बदलण्याआधी आणि नंतर आमच्यासमोर मोजाल का? जुना पार्ट आमच्याकडे ठेवाल ना? उत्तर आलं की मग ठराव करा.

बोट नसेल तरी

तुमच्या गटाकडे मालाचा टेम्पो असेल, पॉवर टिलर असेल, सेल्फवाला जनरेटर असेल, तर हेच सगळं लागू आहे. बॅटरी, किल्ली, सोलेनॉइड, सेल्फ, अर्थ, सगळीकडे तेच. दर महिन्याला एकदा टर्मिनल बघा. पांढरी किंवा हिरवी पूड दिसली तर केबल काढून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने धुवा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, घासा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटाच्या यंत्रावर मागच्या वर्षी दुरुस्तीचा किती खर्च झाला? त्यातला किती मोजून केला आणि किती अंदाजाने?

२. आपल्या यंत्राची वही आहे का? नसेल तर कोण लिहील आणि कुठे ठेवायची?

३. बिघाड झाला तेव्हा आपण यंत्राला दोष दिला की माणसाला?

४. मीटर वापरायला शिकायला कोण दोघी तयार आहेत? नावं ग्रामसंघाला कळवा. पुढच्या महिन्यात जेटीवर अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं आहे. मीटर कसा धरायचा ते वहिनी शिकवणार आहेत, मी फक्त हजेरी घेणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक